फिरत्या घरातील गरम पाणी

चाकांवरचे घर तुम्ही पाहिले आहे का? त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. झोपायची जागा, ओटा, न्हाणीघर आणि पाणी तापवायची लहानशी टाकी, सारे एकाच गाडीत! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही आखले.

समजा, अशी गाडी मनोरीला निघाली आहे. मार्वेहून माणसे होडीने खाडी ओलांडतात. गाडीला मात्र भाईंदर-उत्तनवरून वळसा घ्यावा लागतो. मुक्कामी पोचल्यावर टाकी भरायची ती तिथल्याच पाण्याने. समुद्रकाठच्या विहिरीच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियमचे क्षार असतात, कधी मीठही असते. मग टाकीची निगा कशी राखायची?

पहिली गोष्ट क्षारांची. पाणी तापले की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर तापकावर बसतो. तांबे या थराच्या शंभराहून अधिक पटींनी उष्णता वाहून नेते. म्हणजे थर वाढला की उष्णता आतच कोंडते, वीज वाया जाते आणि शेवटी तापक जळतो. टाकी रिकामी असताना बटण दाबले तर तो काही क्षणांतच जळू शकतो!

दुसरी गोष्ट सुरक्षा-झडपेची. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर ते सुमारे ३५० मिलिलिटरने प्रसरण पावते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून बंद टाकीतील दाब झपाट्याने वाढतो. झडप थोडे पाणी सोडून तो कमी करते. पाणी तापताना झडप ठिबकते म्हणून तिला बूच मारणे म्हणजे संकटाला बोलावणे होय. तापनियंत्रक बिघडला, तर पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर तापेल. टाकी फुटताच त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होईल, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते!

तिसरी गोष्ट, पोलादी टाकीतील मॅग्नेशियमच्या कांडीची. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. खारट पाण्यात ती लवकर संपते. म्हणून वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्यावी.

एक प्रयोग करून पाहा. पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या थरावर थोडे व्हिनेगर टाका. बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायॉक्साइड वायू. टाकीतील थरही असाच सौम्य आम्लाने काढतात. पण ते काम मोठ्यांचे, आणि तेही वीज बंद करून, पाणी पुरते निवल्यावरच!