चाहत्यांनी राखलेले दप्तर

लोकप्रिय करमणुकीचा इतिहास कोणी जपावयाचा? विद्वानांना तो क्षुल्लक वाटतो आणि ज्या संस्था ही करमणूक निर्माण करतात, त्यांना उद्याच्या कार्यक्रमाच्या विवंचनेत कालचा कार्यक्रम अडगळ वाटू लागतो. ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा-मालिका आणि तिला वाहिलेले मासिक यांची हकिगत या दृष्टीने उद्बोधक आहे.

बीबीसीने ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू केली. काळातून व अवकाशातून भ्रमण करणाऱ्या एका विक्षिप्त प्रवाशाची ही कथा. तिचा पहिला भाग लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केला होता. मालिका लोकप्रिय झाली. परंतु चित्रफिती महाग होत्या आणि पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधने होती. तेव्हा फिती पुसून पुन्हा वापरण्याचा व्यवहारी मार्ग संस्थेने पत्करला. पहिल्या 6 वर्षांतील 253 भागांपैकी कितीतरी भाग अशा रीतीने नाहीसे झाले. 2013 मध्ये नायजेरियात 9 भागांच्या प्रती सापडल्या, त्यानंतरही 97 भाग बेपत्ताच राहिले. त्यांचा ध्वनी मात्र शिल्लक आहे; कारण चाहत्यांनी तो प्रक्षेपणाच्या वेळीच घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता.

हीच जतनाची वृत्ती पुढे मासिकात उतरली. ऑक्टोबर 1979 मध्ये ते मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेतर्फे साप्ताहिक म्हणून निघाले आणि 1980 मध्ये मासिक झाले. आरंभी त्यात मुलांसाठी चित्रकथा व छायाचित्रे यांचाच भरणा असे. हळूहळू लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ यांच्या मुलाखती येऊ लागल्या. प्रत्येक कथा कशी घडली याच्या तपशीलवार नोंदी होऊ लागल्या. खरी कसोटी 1989 मध्ये लागली. मालिका थांबली. 1996 मधील एका दूरचित्रपटाचा अपवाद वगळता 2005 पर्यंत पडद्यावर नवे काही आले नाही. विषयच संपलेले नियतकालिक टिकते कसे? हे टिकले. त्याच्या चित्रकथांतून नायकाचा प्रवास चालू राहिला आणि जुन्या कथांचा धांडोळा अधिक खोल गेला. 2005 मध्ये मालिकेचे पुनरुज्जीवन केले, ते लहानपणापासून तिचे चाहते असलेल्या रसेल टी. डेव्हिस यांनी.

असे मासिक अखेर परवान्यावर चालणारा धंदाच आहे, त्यातील टीकेला मालकाच्या मर्जीची मर्यादा असणार, हा आक्षेप खोटा नाही. चाहत्याचे प्रेम आंधळे असू शकते, हेही खरे. परंतु निःपक्षपाती संस्थेने फिती पुसल्या आणि पक्षपाती चाहत्यांनी ध्वनी राखला, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. समीक्षा उद्याही लिहिता येते. पुसलेली फीत पुन्हा भरता येत नाही. कोणती गोष्ट मौल्यवान ठरणार हे समकालीनांना क्वचितच कळते. म्हणूनच ज्याला आपण छंद म्हणून हसतो, त्याच्याकडेच पुढच्या पिढीला कागदपत्रे मागावी लागतात.