पोट भरलेलं, तरी हात फरसाणाच्या डब्याकडे का जातो?

पोंभुर्ण्यात धान हातचं गेलं किंवा शेताकडे वाघ फिरू लागला, की ताण घरातल्या सगळ्यांनाच येतो. तो हलका करायच्या वाटा मात्र वेगळ्या. पुरुष पानठेल्यावर जाऊन खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) तोंडात टाकतो किंवा दारूकडे वळतो. खर्रा बायकाही खातात. पण बाईच्या हाताशी बहुतेक वेळा चहा, बिस्किटं, उरलेला भातच असतो.

असं का होतं?

ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि गोड, तळलेलं खावंसं वाटतं. खाल्ल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. मेंदू तोच उपाय लक्षात ठेवतो. यालाच भावनिक खाणं म्हणतात.

फक्त बायकाच?

नाही. अभ्यासांत बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसतं, पण पुरुषही असं खातात. फरक मुभेचाही आहे: पुरुषाला ठेल्यावर जायची मोकळीक, रडायची नाही.

महिलांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. दुकानं बंद झाली, पुन्हा उघडली. पण आतला ताण दुकानाला कुलूप लावून जात नाही.

ओळखायचं कसं?

पोटाची भूक हळूहळू लागते, वरण-भातानेही भागते. मनाची भूक अचानक येते, ठरावीक पदार्थच मागते आणि नंतर अपराधी वाटतं.

अशा वेळी दहा मिनिटं थांबा, कुणाशी तरी बोला. घरात बोलता येत नसेल, तर सरकारची मोफत टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. मराठीतही बोलता येतं.