समुद्रतळाचे बुडबुडे आणि दोन वर्षांची फेलोशिप

पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुलाच्या नावापुढे 'डॉक्टर' लागले की वस्तीत पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी घरातून प्रश्न येतो, 'आता नोकरी कधी?' ज्या घरात पहिल्यांदाच कुणी एवढे शिकले, त्या घराने हा प्रश्न विचारला तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु विज्ञानात खरे काम पुष्कळदा पीएच.डी.नंतरच सुरू होते. त्यालाच पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. हे संशोधन माणसाकडून किती काळ मागते, हे सांगण्यासाठी आम्ही आज मुद्दाम एक दूरचा वाटणारा विषय घेतला आहे. तो आहे समुद्रतळातून झिरपणाऱ्या मिथेन वायूचा.

समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळात सेंद्रिय द्रव्य कुजते आणि त्यातून मिथेन तयार होतो. खोल पाण्याचा दाब आणि पुरेशी थंडी असली, की हा वायू पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकून बर्फासारखा घट्ट होतो. त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. एक घनमीटर हायड्रेट वितळले तर सुमारे 160 घनमीटर वायू मोकळा होतो. हा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजेच समुद्र तापला आणि हे हायड्रेट वितळू लागले तर पृथ्वीचे काय होईल, हा प्रश्न साधा नाही.

2008 साली नॉर्वेच्या उत्तरेस, स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला, संशोधकांना जहाजावरील सोनारच्या साहाय्याने तळातून उठणारे बुडबुड्यांचे 250 हून अधिक स्तंभ सापडले. त्या आधीच्या तीस वर्षांत तेथील सागरी प्रवाह एक अंशाने तापला होता. त्यामुळे तापमानवाढीने हायड्रेट वितळत असावे, अशी शक्यता 2009 मध्ये मांडली गेली. जगभर खळबळ उडाली. एखाद्याने तेथेच थांबून भाकीत करत बसणे सोपे होते.

पण विज्ञान तेथे थांबले नाही. संशोधक पाणबुडीतून तळावर उतरले. तेथील सूक्ष्मजीव मिथेन वापरतात आणि त्या क्रियेतून चुनखडीसारखे खडक तयार होतात. त्या खडकांचे वय मोजले, तेव्हा ही गळती किमान तीन हजार वर्षे सुरू असल्याचे 2014 साली पुढे आले. नंतर तळात छिद्रे पाडून गाळ तपासण्यात आला. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर उचलली गेली, पाण्याचा दाब घटला आणि त्यामुळे हायड्रेट वितळले, असा निष्कर्ष 2018 साली मांडण्यात आला. म्हणजे पहिल्या अंदाजापासून येथवर यायला नऊ वर्षे गेली.

याचा अर्थ तापमानवाढ खोटी आहे, असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच, की पुरावा मिळेपर्यंत आपल्याच अनुमानावर शंका घेत राहावे लागते. आणि शंका घ्यायला वेळ लागतो, जहाज लागते, पगार लागतो. नॉर्वेतील ट्रोम्सो विद्यापीठात याच विषयाचे केंद्र 2013 ते 2023 अशी दहा वर्षे सरकारी निधीवर चालले.

आपल्याकडे हा विषय नाही असे कुणी समजू नये. 2006 साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या समुद्रात जॉइडेस रिझोल्यूशन या जहाजाने खोदकाम केले, तेव्हा तेथे सुमारे 130 मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर आढळला. 1966 साली स्थापन झालेली आणि गोव्यात दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या खोऱ्यातील झिरप्यांचा अभ्यास करत आली आहे. विषय आहे, समुद्र आहे, संस्था आहे. प्रश्न माणसाचा आहे.

केंद्राची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. एका सफरीवर जायचे, नमुने आणायचे, प्रयोगशाळेत पाळी लावायची, एवढ्यातच दोन वर्षे सरतात. ज्याच्या मागे घरची शेती किंवा वडिलांचे पेन्शन आहे, तो पुढच्या फेलोशिपची वाट पाहू शकतो. ज्याच्या पगारावर आईचे औषध आणि बहिणीचे शिक्षण चालते, तो कोणता का होईना, मिळेल तो पगार धरतो. तो हुशारीत कमी पडला म्हणून विज्ञानातून बाहेर जात नाही. त्याची मुदत संपते.

ही गोष्ट आम्हाला कुणी शिकवायला नको. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 साली ते पुन्हा गेले, कारण त्यांनी मधल्या काळात पैसे जमवले आणि काही लोक पाठीशी उभे राहिले. प्रत्येकाला तशी दुसरी संधी मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. फेलोशिपची मुदत प्रश्नाच्या लांबीप्रमाणे ठरवा, वर्षाच्या हिशेबाप्रमाणे नव्हे. तिचे पैसे दर महिन्याला वेळेवर द्या. आणि आपण, वाचकांनी, घरातील डॉक्टर झालेल्या मुलीला 'नोकरी कधी?' असे विचारण्याआधी एकदा 'तुझा प्रश्न कोणता, आणि तो सोडवायला किती वर्षे लागतील?' असे विचारून पाहावे. तिचे उत्तर ऐकायला आपण बसलो, तर तिलाही थोडे अधिक दिवस टिकून राहण्याचे बळ मिळेल.