आरोप म्हणजे चेटकिणींची शिकार काय?

कचेरीत, कारखान्यात किंवा सिनेमाच्या धंद्यात एखाद्या पुरुषावर स्त्रीने लैंगिक छळाचा आरोप केला, की त्याची बाजू घेणारे म्हणतात, "ही तर चेटकिणींची शिकार चालली आहे." ही उपमा इंग्रजीतून आली. २०१७ च्या ऑक्टोबरात हॉलिवूडचे बडे निर्माते हार्वे वाइनस्टीन यांच्याविरुद्ध अनेक स्त्रिया उघडपणे बोलू लागल्या, तेव्हा ती अमेरिकेत गाजली. पुढच्या वर्षी 'मी टू'ची लाट भारतात आली आणि तिच्यामागून ही उपमाही आली. ती रास्त आहे की नाही हे ठरवावयाचे, तर चेटकिणींची शिकार म्हणजे प्रत्यक्षात काय होते, ते आधी पाहिले पाहिजे.

सालेमचेच उदाहरण घेऊ. १६९२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रजी वसाहतीत सालेमच्या काही मुलींना झटके येऊ लागले आणि गावातल्या काही बाया आपल्यावर चेटूक करतात, असे त्या सांगू लागल्या. आळ आलेल्या पहिल्या तिघींपैकी एक गुलाम होती, तर एक दारोदार मागून खाणारी होती. पुढे दीडशेहून अधिक माणसांवर आळ आला. १४ स्त्रिया व ५ पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तर देण्याचेच नाकारले, म्हणून अंगावर दगड रचून त्याचा जीव घेतला.

या प्रकरणाची तीन लक्षणे ध्यानात घ्यावीत. पहिले असे, की ज्या गुन्ह्यासाठी माणसे मेली तो गुन्हा घडणेच शक्य नव्हते. "हिची छाया रात्री येऊन मला चिमटे काढते," एवढी साक्ष कोर्टाला पुरत असे. बाई त्या रात्री घरी निजली होती, असे दहा जणांनी सांगितले तरी उपयोग नव्हता, कारण आरोप तिच्यावर नव्हता, तिच्या छायेवर होता! दुसरे लक्षण असे, की कबूल करणारा वाचे आणि नाकारणारा मरे. रिबेका नर्स या सत्तरी ओलांडलेल्या बाईला पंचांनी प्रथम निर्दोष ठरविले होते. त्यांना फेरविचार करावयास लावून तिला फाशी दिली. तिसरे लक्षण म्हणजे आरोपामागे सारी राजसत्ता उभी होती. गव्हर्नर फिप्स याने त्या ऑक्टोबरात ते कोर्ट मोडले, १६९३ साली नव्या कोर्टाने छायेची साक्ष मानण्याचे नाकारले, आणि बहुतेक कैदी सुटले.

आता ही तीन लक्षणे आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

लैंगिक छळ ही छाया नव्हे. तो अमुक दिवशी, अमुक पाळीत, अमुक खात्यात घडतो. त्याबद्दल प्रश्न विचारता येतात, हजेरीपट आणि फोनवरचे निरोप तपासता येतात, साक्षीदार उभे करता येतात. आरोप खरा ठरू शकतो आणि खोटाही ठरू शकतो. चेटकाच्या आरोपाला ही सोयच नव्हती.

सत्ता कोणाच्या बाजूला असते, तेही पाहा. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याच्या कामाचा राग धरून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची त्यांची फिर्याद होती. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपींना त्या गुन्ह्यातून सोडले. पण त्या प्रकरणातूनच स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ साली 'विशाखा' निकाल मिळाला. पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ साली एम. जे. अकबर यांच्यावर आरोप केला. त्यांनी तो नाकारला, मंत्रिपद सोडले आणि अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती बोलणारी स्त्री! २०२१ साली दिल्लीच्या कोर्टाने रमाणी यांना निर्दोष ठरविले. त्यावर पुढे अपील झाले. सालेममध्ये आळ घेणाऱ्याच्या पाठीशी कोर्ट होते. येथे बोलणाऱ्या बाईला नोकरीची भीती असते, गावाची असते आणि घरच्यांचीही असते.

मात्र ही उपमा प्रत्येक ठिकाणी खोटीच असते, असे मी म्हणणार नाही. आर्थर मिलरने १९५३ साली सालेमवर नाटक लिहिले, ते मॅकार्थीच्या काळातील कम्युनिस्ट-धरपकडीकडे बोट दाखविण्यासाठी. तेथे ती चपखल बसली, कारण कबूल करा, दुसऱ्यांची नावे सांगा, म्हणजे सुटाल, हाच तेथेही नियम होता. त्या धरपकडीत युनियनची माणसे भरडली गेली. आरोपपत्रावाचून घरी बसविलेले कामगार मीही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून कोणाचे नाव सकाळी चव्हाट्यावर आले आणि त्याला काही न विचारता संध्याकाळी काढून टाकले, तर मला ते पटत नाही. येथवर उपमा देणाऱ्यांचे भय खरे आहे. पण त्याला इलाज कोणता?

येथे माझीच एक चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॅकिंगमधल्या एका कंत्राटी बाईने आमच्याच एका कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार केली. नावे आणि तपशील कायद्याने सांगता येत नाहीत, आणि सांगूही नयेत. मी लगेच म्हणालो, "हा मालकाचा डाव आहे. चांगल्या गड्याचा बळी घेताहेत." आणि तिने तक्रार मागे घ्यावी म्हणून समजूत घालायला मी तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिले आणि म्हणाली, "भाऊ, मागे त्या फिटरवर चोरीचा आळ आला, तेव्हा चौकशी करा म्हणून तुम्ही दोन दिवस गेटवर बसला होता. माझ्या वेळी चौकशी नको म्हणून दारात आलात. माझी पावती नाही म्हणून काय?" मला उत्तर सुचले नाही. मी परत आलो. चौकशी झाली, आमच्या गड्याला प्रत्येक आरोप लेखी मिळाला, त्याने उत्तर दिले, साक्षीदार आणले. तक्रार खरी ठरली. ती खोटी ठरली असती, तरी त्या दिवशीचे माझे जाणे चूकच होते.

इलाज चौकशीतच आहे, आणि २०१३ च्या कायद्याने तिची रीत घालून दिली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ हुद्द्यावरील स्त्री, निदान निम्म्या सभासद स्त्रिया आणि एक सभासद बाहेरचा. माणसे दहाहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यावयाची. सबळ कारण असल्यास मुदत आणखी ३ महिने वाढते. तक्रारीची प्रत पुरुषाला मिळते आणि उत्तर देण्याची संधीही मिळते. चौकशी ९० दिवसांत पुरी करावयाची असते आणि निकालावर अपील आहे. दोघांचीही नावे गुप्त ठेवावयाची असतात. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई होते. पण केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. सालेमच्या कैद्यांना जे मिळाले नाही, ते यात बरेचसे आहे.

त्याच २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. सातपुड्याच्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवून बाईला मारहाण करण्याचे, गावाबाहेर घालविण्याचे प्रकार आपल्याच राज्यात घडले आहेत. ज्यांनी ते भोगले, त्या बायकांचा शब्द उचलून, ज्याला वकील देता येतो अशा साहेबाच्या अंगावर पांघरू नये.

म्हणून ही उपमा पुन्हा कानावर आली, तर भांडत बसू नका. आरोप लेखी आहे काय, उत्तराला संधी मिळाली काय, समितीवर बाहेरचा माणूस आहे काय, एवढे विचारा. मिळाली नसेल तर त्या पुरुषासाठीही भांडा. आणि उद्या कामावर गेलात, की समितीचा आदेश फलकावर लावला आहे की नाही, ते पाहा. नसेल, तर पहिली मागणी तीच करा.