गणिताचें उदाहरण कसें सोडवावें?

गणिताचें उदाहरण हातीं येतांच, "येथें कोणतें सूत्र लागूं पडतें?" असें विद्यार्थी विचारतात. आमच्या मतें हा प्रश्न बराच पुढचा आहे. दिलेलें काय व मागितलेलें काय, हें आधीं स्वतःच्या शब्दांत सांगतां आलें पाहिजे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ. स. ११५०) एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें याच आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला होता. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशीं सापाचें बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येत असतां मोर त्याजवर तिरपी झेप घेतो. दोघांनीं सारखेंच अंतर आक्रमिलें, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गांठ पडेल?

आकृति काढा. खांब, जमीन व झेप यांचा काटकोन त्रिकोण होतो, आणि झेप हा त्याचा कर्ण. बिळापासूनचें अंतर क्ष मानल्यास साप २७ − क्ष हात आला, व कर्णही तितकाच. सारें मर्म या 'तितकाच' शब्दांत आहे. म्हणून ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². क्ष² दोन्हीकडून जातो; ५४क्ष = ६४८, म्हणजे क्ष = १२. ताळा पाहा: ८१ व १४४ मिळून २२५, हा १५ चा वर्ग, आणि साप १५ हातच आला आहे.

"आमच्या घराण्यांत गणित कोणासच आलें नाहीं," असें कांहीं पालक मुलांदेखत बोलतात. मूल तें ऐकतें आणि पुस्तक मिटतें. ज्यास वरील आकृति काढतां येते, त्यास गणित येत नाहीं असें आम्ही मानीत नाहीं.

आतां आपल्या हिरण्यकेशीच्या कांठचें उदाहरण. एका शेतकऱ्याजवळ ४० हात कुंपण आहे. एका बाजूस नदी. उरलेल्या तीन बाजू बंद करून त्यास मोठ्यांत मोठी आयताकृति जागा अडवावयाची आहे. नदीकडे जाणारी प्रत्येक बाजू क्ष, तर क्षेत्रफळ ४०क्ष − २क्ष². वरच्या वर्गांतील विद्यार्थी कलनानें (बाळशास्त्री जांभेकरांची 'शून्यलब्धि' ती हीच) ४० − ४क्ष = ० मांडून क्ष = १० काढतो. उत्तर बरोबर, पण कां, असें विचारतां तो गप्प बसतो. हेंच क्षेत्रफळ २०० − २(क्ष − १०)² असें लिहिल्यास कारण डोळ्यांसमोर येतें. वर्ग ऋण नसतो, तेव्हां २०० चौरस हातांहून अधिक जागा मिळणेंच नाहीं. भूमितीनें पाहावयाचें तर नदीस आरसा समजा. प्रतिबिंब धरून कुंपण ८० हात झालें, व तितक्या परिमितीच्या आयतांत चौरस सर्वांत मोठा. त्याची बाजू २०, निम्मी १०.

दिल्ली कॉलेजांतील शिक्षक मास्तर रामचंद्र यांनीं अशींच उदाहरणें कलनावांचून, बीजगणितानें सोडविणारा ग्रंथ १८५० सालीं कलकत्त्यास छापला. ते १८५२ सालीं ख्रिस्ती झाले. डी मॉर्गन या इंग्रज गणित्यानें १८५९ सालीं तो ग्रंथ लंडनांत पुन्हां प्रसिद्ध करविला.

नदीसमोरच्या बाजूस बैलगाडीसाठीं ४ हात वाट मोकळी सोडावयाची असेल, तर वरील उत्तर बदलेल. तें तिन्ही रीतींनीं काढून पाहावें.