‘आजी’ म्हणायचं नाही!

जर्मनीत नर्सिंग शिकायला गेलेल्या मराठी मुलीच्या तोंडून वॉर्डातल्या पहिल्या आठवड्यात एक शब्द हमखास निसटू पाहतो : आजी. आपल्याकडे परक्या म्हातारीला आजी म्हटलं की तिचं निम्मं दुखणं पळतं. तिथे ऐंशी वर्षांच्या पेशंटला ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणणं हा आगाऊपणा ठरतो. त्या ‘फ्राऊ म्युलर’, आणि बोलणं ‘झी’ लावून, म्हणजे ‘अहोजाहो’ करून. स्मृतिभ्रंशामुळे त्या स्वतःचं नाव विसरल्या असल्या तरी अहोजाहोच. मला हा नियम आवडतो. ‘ए म्हातारे, सरक तिकडे’ हे आपल्या वॉर्डात ज्याने ऐकलंय, त्याला तर आवडायलाच हवा.

केरळच्या मुली चर्चच्या ओळखीने १९६०च्या दशकातच पश्चिम जर्मनीत नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. महाराष्ट्र उशिरा जागा झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. शिकायला जाणाऱ्यांसाठी तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे : किमान २,१०० तास वर्गात, २,५०० तास प्रत्यक्ष कामावर, आणि शिकतानाच पगार.

भाषेचं म्हणाल तर एका बाबतीत मराठी मुलगी नशीबवान. जर्मन माणूस पंचेचाळीसला ‘पाच आणि चाळीस’ म्हणतो. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्यासारखं. बीपीचे आकडे लिहून घेताना ती गडबडणार नाही. पण वर्गात शिकलेली जर्मन आणि श्टुटगार्टच्या आसपासचे आजोबा बोलतात ती श्वेबिश यांत बरंच अंतर आहे. पुस्तकी मराठी शिकून आलेल्याला कुडाळात मालवणी ऐकायला लागावी, तसं.

खरा धक्का सकाळच्या अंघोळीला बसतो. आपल्या रुग्णालयात सिस्टर इंजेक्शन देते, सलाइन लावते, फाइल भरते. पेशंटचं अंग पुसणं, दात घासणं, भरवणं ही कामं उशाशी बसलेल्या नातेवाइकांची, बेडपॅन मावशींचं. जर्मन वॉर्डात उशाशी कोणी बसलेलं नसतं. नातेवाईक भेटायला येतात आणि जातात. ही सगळी कामं नर्सिंगचीच, आणि शिकाऊ मुलीच्या वाट्याला ती पहिल्या दिवसापासून येतात. भारतात पदवी घेऊन गेलेल्या अनेकींना हा अपमान वाटतो. ‘यासाठी का शिकले?’ या प्रश्नामागे आपली जातव्यवस्थाही उभी असते, हे मान्य करायला हवं. दुसऱ्याच्या शरीराची घाण कोणी उचलायची, हे आपण जन्मावरून ठरवत आलो. पण अंग पुसतानाच नर्सला टाचेवरचा लाल डाग दिसतो, म्हणजे बेडसोरची सुरुवात. घोट गिळताना लागणारा ठसका भरवतानाच ऐकू येतो. मशीनला यातलं काही कळत नाही.

दुसरा धक्का खरं बोलण्याचा. ‘बाबांना कॅन्सरचं सांगू नका’ असं मुलाने दाराबाहेर कुजबुजणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. जर्मनीत रुग्णाच्या हक्कांचा कायदा २०१३चा; आजाराची माहिती आधी रुग्णाला, आणि होकार-नकारही त्याचाच. आपण बेशुद्ध असलो तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला २००९पासून कायद्याचा आधार आहे. मुलगा विनवतोय आणि कागद नाही म्हणतोय, अशा वेळी आपल्या मुलीला मनातून मुलाचंच पटत असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आपल्याला तसं वाटतंय, हे तिला ठाऊक असलं पाहिजे.

या अनुभवांना शास्त्राचं रूप दिलं अमेरिकन परिचारिका मॅडेलिन लायनिंगर यांनी. मुलांच्या मानसोपचारात काम करताना त्यांना जाणवलं की वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना ‘काळजी’ वेगवेगळी हवी असते. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, पापुआ न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांत जाऊन राहिल्या आणि ‘ट्रान्सकल्चरल नर्सिंग’ ही शाखा उभी केली. पुढे काहींनी तिच्या याद्या करून टाकल्या : अमके डोळ्याला डोळा देत नाहीत, तमके दुखलं तरी बोलत नाहीत. याद्या पाठ करणं सोपं असतं, आणि तिथेच फसगत होते. जर्मनीने १९६१मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. तेव्हा आलेली पिढी आज तिथल्या वॉर्डांत आहे. तुर्की रीतीत अनोळखी वयस्क बाईला ‘तेयझे’, म्हणजे मावशी, म्हणतात. म्हणजे शेजारच्या खाटेवर पहिला धडाच उलटा! बरं, त्याच बाईंना साठ वर्षं जर्मनीत काढल्यावर ‘फ्राऊ’च आवडत असेल तर?

तर विचारायचं. ‘तुम्हाला काय म्हणू?’ न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांची ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना इथवरच नेते. १९९२पासून ती तिथल्या नर्सिंग शिक्षणात आहे. शुश्रूषा नीट झाली की नाही, हे नर्सने ठरवायचं नाही. ज्याची शुश्रूषा झाली त्याने. आणि नर्सने आधी स्वतःचे पूर्वग्रह तपासायचे. मला ही कल्पना याद्यांपेक्षा कितीतरी सरस वाटते.

पण एक बाजू तिच्यातही राहते. सावळ्या हाताने आपल्याला शिवू नये, असं म्हणणारा पेशंटही असतो. तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीने एकटीने समजूतदारपणा दाखवायचा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जर्मन नियमांत याला थोडा आधार सापडतो : प्रत्यक्ष कामाच्या वेळेतला किमान १० टक्के वेळ प्रशिक्षित मार्गदर्शक परिचारिकेने शिकाऊ मुलीला द्यावा लागतो. म्हणजे २,५०० तासांत २५०. तुमच्या घरातली मुलगी निघाली असेल, तर एजंटाला पगार आणि राहायची सोय विचाराल तेव्हा हेही विचारा : हे २५० तास त्या रुग्णालयात खरोखर मिळतात का, आणि ते देणारी बाई कोण?