म्हातारं मांजर : लेखांक ६
शी, ट्रे आणि अंगाची स्वच्छता

"ती आता ट्रेच्या बाहेरच शी करते. वय झालंय, विसरत असेल." म्हातारं मांजर असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. विसरभोळेपणा मांजरांनाही येतो, पण ते कारण सगळ्यात शेवटी धरावं. आधी थोडं अंतर राखून तिला ट्रेमध्ये जाताना नीट बघावं. पंधरा वर्षांची मांजरी कडेपाशी थांबते. पुढचा पाय आत टाकते, मागचा उचलताना मात्र तिची कंबर एका बाजूला कलते. आत जाऊन उकिडवी बसली की मागचे पाय थरथरू लागतात. मग ती अर्धवट उठते आणि लेंडी कडेवरून फरशीवर पडते. जागा तिच्या पक्की लक्षात आहे, तिला बसवत नाही एवढंच.

बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसते. मांजर कुत्र्यासारखं लंगडून दाखवत नाही, गुपचूप उड्या कमी करतं. म्हणून पहिला उपाय ट्रेवर करायचा. प्लॅस्टिकचा मोठा, उथळ टब घ्यावा आणि एका बाजूची कड दोन-अडीच इंचांवर कापून घासून गुळगुळीत करावी. त्यात बारीक, मऊ वाळू घालावी आणि टब ती जिथे झोपते त्याच मजल्यावर ठेवावा. बाहेर घाण केली म्हणून ओरडू नये. ट्रेमध्ये दुखतं हे ती आधीच शिकलेली असते, त्यात भीतीची भर पडते.

दुसरं कारण पाण्याचं. मूत्रपिंडं थकली की लघवी पातळ आणि भरपूर होते. शरीर मग मिळेल तिथून पाणी ओढून घेतं, मोठ्या आतड्यातल्या मळातूनही. उरतात सुपारीसारख्या कडक, कोरड्या लेंड्या. त्या ढकलायला जोर लागतो, जोर लावायला कंबर लागते, आणि कंबर तर दुखते. हे चक्र फार दिवस चाललं तर आतडं ताणून सैल पडतं आणि मग ते औषधांनाही दाद देत नाही.

कोरड्या दाणेदार खाण्यात पाणी साधारण १० टक्केच असतं, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या पुढे. म्हाताऱ्या मांजराला ओल्या खाण्याकडे वळवणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा बदल वाटतो. त्यातच दोन चमचे कोमट पाणी किंवा चिकनचं अळणी पाणी मिसळावं. त्या पाण्यात कांदा-लसूण अजिबात नको, दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूध हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण वाढलेल्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. पोट साफ होण्याऐवजी बिघडतं.

घरगुती जुलाबाची औषधं टाळावीत. एरंडेल देऊ नये. आधीच पाणी कमी पडलेल्या शरीरात इसबगोल गेलं तर मळ आणखी घट्ट होतो. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराचा जीव घेऊ शकतो. लॅक्टुलोज अनेक मांजरांना लागू पडतं, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. दोन दिवस शी झाली नाही तर त्यांना फोन करावा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि काहीच येत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून थांबू नये. लघवी तुंबली असेल तर तासांचा प्रश्न असतो. रात्र असली तरी निघावं.

पातळ शीचं मूळ पुष्कळदा थायरॉइडमध्ये असतं. खाणं भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागतो, मधूनमधून उलट्या होतात. हे रक्त तपासल्यावर कळतं आणि त्यावर उपचारही आहेत. म्हणून महिन्यातून एकदा वजन करावं. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरणं ही मोठी गोष्ट आहे.

आता अंग. मान वळत नाही, दात दुखतात, म्हणून तिचं चाटणं थांबतं. शेपटीखालच्या केसांत मळ अडकून वाळतो. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं त्यावर काही मिनिटं धरावं, मऊ पडला की पुसून काढावा आणि कातडी पूर्ण कोरडी करावी. गुंता कात्रीने कापू नये. म्हातारी कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर वर ओढली जाते. ट्रिमर वापरावा. पावसाळ्यात हे रोज बघावं, कारण घाणीवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. फरशी फिनाईलने पुसू नये. पंजांना लागलेलं ती चाटते आणि मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही. साबणाचं पाणी पुरतं.

डॉक्टरांकडे जाताना त्याच दिवशीची शी डबीत घालून न्यावी. मोबाईलवर तिचा ट्रेमध्ये चढतानाचा व्हिडिओही काढून ठेवावा. दवाखान्यात ती टेबलावर अंग चोरून बसते आणि पाय कसा टाकते ते तिथे कुणालाच दिसत नाही.